पुस्तकातल्या कुणाच्या घरी चहाला जाल?

देवघेव | रविवार, दुपारी ३:१०

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर बसतो. बावीस वर्षं झाली. ग्रंथपाल वगैरे नाही, कार्डावर शिक्का मारणारा माणूस. पण पुस्तक परत करताना खिडकीशी माणसं जे बोलून जातात ते दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही. "शेवट गुंडाळलाय." "मधली चार पानं कुणी फाडली हो?" "हिला एवढं सोसायची काय गरज होती?" असं एक-एक वाक्य टाकतात आणि चपला घालून चालू लागतात.

गेल्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी 'श्यामची आई' परत करायला आली. शाळेचा प्रकल्प होता. सवयीने विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "छान आहे. आई खूप चांगली आहे." मग दप्तराची चेन लावता लावता म्हणाली, "पण काका, मला त्यांच्याकडे राहायला नाही आवडणार. सारखं आपलं काहीतरी चुकलंय असं वाटत राहील."

मी शिक्का मारला, तो चुकून आदल्या तारखेचा बसला.

घरी येऊन वहीत दोन खण पाडले. एकात ज्यांना वाकून नमस्कार करावासा वाटतो ते, दुसऱ्यात ज्यांच्याकडे न कळवता चहाला जाता येईल ते. पहिला खण पाच मिनिटांत भरला, दुसऱ्याला रात्र गेली. दोन्हीकडे बसतील अशी नावं तर चार-पाचसुद्धा निघेनात.

उदाहरणार्थ 'एकच प्याला'तली सिंधू. १९१९ सालचं नाटक, गडकरी ते रंगमंचावर बघायलाही राहिले नाहीत. नवरा दारूत बुडालेला, श्रीमंत भाऊ न्यायला आलेला, आणि ही लोकांची दळणं दळून घर चालवते. थोर बाई. पण तिच्या घरी जाऊन बोलायचं काय? तिच्या पायाशी चार आणे ठेवून मागच्या पावली परत यावं, इतकंच सुचतं.

उलट पु. लं.चा अंतू बर्वा. खवट, कुजकट, कुणाचं चांगलं बोलायचं नाही अशी शपथ घेतलेला म्हातारा. आळीत वीज येते, पण हा घरात घेत नाही. का, तर उजेडात बघायचं काय, घरातलं दारिद्र्यच ना, असा त्याचा हिशोब. हे वाचताना हसू येतं आणि त्याच हसण्यात काहीतरी घशाशी अडकतं. त्या माणसात नमस्कार करण्यासारखं काय आहे ते मला सांगता येणार नाही. पण रत्नागिरीला गेलो तर मी आधी त्याच्या ओटीवर जाईन. शिव्या खायला.

माझा एक ठोकताळा बनलाय. लेखकच पात्राचं कौतुक करायला लागला की माझं ओसरतं. लेखक गप्प राहून नुसता त्या माणसाला काम करताना दाखवत राहिला, की मी त्याच्या मागे मागे जातो. पटतंय का? तुमची नावं सांगा. आणि "सगळेच आपापल्या जागी थोर" असले प्रतिसाद देऊ नका, ते आमच्या अध्यक्षांच्या भाषणात ऐकतो.

चष्मिश | रविवार, दुपारी ३:२२

जागा धरून ठेवते. पोळ्या व्हायच्यात. (चितळे मास्तर!!)

तिसरी_घंटा | रविवार, रात्री ९:४०

देवघेव, धागा मस्त, पण सिंधूच्या बाबतीत तुमची फसगत झालीय. तुम्ही सिंधू वाचलीत की सिंधू करणाऱ्या बालगंधर्वांबद्दलच्या आठवणी वाचल्यात?

आमच्या संस्थेने काही वर्षांपूर्वी त्या नाटकातले निवडक प्रवेश केले होते. सिंधू माझ्याकडे होती. मीही नाक मुरडूनच घेतली. तालमीत पहिले पंधरा दिवस नुसती रडत होते आणि दिग्दर्शक नुसते घड्याळ बघत होते. मग एके दिवशी त्यांनी खरोखरीचं जातं आणून ठेवलं आणि म्हणाले, दळ. संवाद राहू दे, आधी दळ. दहा मिनिटांत खांद्यातून कळ आली. जात्यावर बसलेल्या बाईला रडायला दम उरत नाही हो. तिचा आवाज आपोआप कोरडा झाला, आणि भावाची मदत नाकारण्याचं ते सगळं बोलणं पतिव्रतेच्या प्रवचनासारखं न वाटता हट्टी बाईचं वाटायला लागलं. मला त्या दिवशी कळलं की सिंधू भयंकर मानी आहे. मानी आणि चुकीची. मूल घेऊन तिने निघून जायला हवं होतं, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

शेवटी मरताना ती फौजदाराला खोटं सांगते, मी पडले म्हणून. आयुष्यभर खरं बोललेली बाई शेवटचं वाक्य खोटं बोलते, तेही समोर सगळे खरं काय ते जाणत असताना. मला त्या खोट्याचा संताप येतो. पण तिला भेटायची संधी मिळाली तर चहाला जाईनच जाईन. भांडायला.

मग कुणाला नमस्काराच्या खणात घालायचं, 'देव्हाऱ्यातली' म्हणायचं, ते कोण ठरवतं? शंभर वर्षं प्रेक्षकांनी तिला देव्हाऱ्यात बसवली, म्हणून ती तिथे दिसते.

देवघेव | रविवार, रात्री १०:०५

तिसरी_घंटा, जात्याचं वाचून गप्प बसलो. वाचनात जातं दिसत नाही हे खरं.

रिकामटेकडा_रामभाऊ | रविवार, रात्री १०:१२

मालिकांमधल्या सुनांकडे चहाला गेलात तर आधी चहात काय घातलंय ते बघा. बाकी चालू द्या.

वऱ्हाडीठेचा | सोमवार, सकाळी ७:५०

मले त एकच नाव आठवते. कौतिक. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६०.

(पूर्ण वऱ्हाडीत लिहिलं तर अर्धे लोक पळतील, म्हणून प्रमाणात लिहितो.)

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: कौतिकचा नवरा महादेव जातीने शिंपी, कामाचा कंटाळा, स्वतःबद्दलच्या कल्पना मोठ्या. ही दुसऱ्यांच्या वावरात राबते, पै-पै जोडते, संसार जरा उभा राहिला की काहीतरी होतं आणि तो पुन्हा बसतो. पुढे नवऱ्याला महारोग होतो. सुटका नाही. लेखक एका शब्दाने तिच्यावर हळहळत नाही, म्हणजे देवघेवभाऊंचा ठोकताळा इथे शंभर टक्के लागू.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. माझी आजी अडाणी होती. कॉलेजच्या सुट्टीत मी तिला रोज संध्याकाळी 'धग' वाचून दाखवायचो. ती शेंगा फोडत ऐकायची. मला वाटलं होतं रडेल. रडणं दूर, ती कौतिकशी भांडायची! "आता काहून बोल्ली थे? जराक दम धराले काय झालं होतं?" कौतिक तोंडाची फटकळ आहे, नवऱ्याला टोचून बोलते, आणि आजीला ते ते वाक्य बरोबर सापडायचं. एके दिवशी मी विचारलं, आजी, तुले हे बाई आवडत नाई का? तर माझ्याकडे असं पाहिलं की मी वेडाच आहे. म्हणे, "आवडाले काय झालं? आपल्याच वळीतली हाय."

वळ म्हणजे आमच्याकडची घरांची ओळ. आजी तिला शेजारीण धरूनच बसली होती. शेजारणीचं चुकलं तर आपण बोलतो. देवाचं चुकलं तर बोलतो का?

चष्मिश | सोमवार, सकाळी ८:३०

"आपल्याच वळीतली हाय." वाचनखूण साठवली. चितळे मास्तर मागे घेते, विचार करून येते.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ११:१५

देवघेव, तुमचा ठोकताळा मला मान्य नाही. "लेखकाने कौतुक केलं की माझं ओसरतं." हे ज्यांच्या माणसांचं कौतुक आधीच भरपूर झालंय त्यांना परवडतं.

अण्णाभाऊंचा 'फकिरा' घ्या. १९५९. लेखक जवळजवळ पानोपानी फकिराचं कौतुक करतो, त्याची छाती, त्याची नजर, त्याची तलवार. अंतू बर्व्याच्या मापाने मोजलं तर हे सगळं अतीच. पण तोवर मराठी कादंबरीत मांगवाड्यातला माणूस यायचा कसा? आलाच तर दाराबाहेर उभा, हात जोडून, एखाद्या वाक्यापुरता. त्याला घोड्यावर बसवून कुणी मान वर करून त्याच्याकडे बघितलं असेल, तर ते बघणं मला भडक वाटत नाही. पुस्तक बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलंय, ते उगाच नाही.

शिवाय फकिरा नुसता शूर नाही. दुष्काळात लुटलेलं धान्य तो आधी वाटतो. आणि सरकार त्याच्या माणसांना धरून ठेवतं तेव्हा स्वतःहून हजर होतो. हजर झाल्यावर काय होणार ते त्याला पक्कं ठाऊक आहे. लढता लढता पडला असता तर नेहमीचा नायक झाला असता. चालत जाऊन हजर होणं फार अवघड.

चहाला जाण्याबद्दल: आमच्या वाळवा तालुक्यात वाटेगाव आहे, अण्णाभाऊंचं गाव. माझं सासर तिथून जवळ. तिथे म्हातारी माणसं फकिराचं बोलतात ते गल्लीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं. त्यांना ती गोष्ट 'कादंबरी' आहे हे सांगून बघा एकदा.

देवघेव | सोमवार, दुपारी १:४०

कृष्णाकाठ, मुद्दा पोचला. मी ज्या कपाटांपाशी मोठा झालो त्यात कुणाची पुस्तकं होती हे मी लिहिताना विसरलो. ठोकताळ्यावर फुली मारत नाही, पण "माझ्यापुरता" असं त्याच्यापुढे लिहितो.

सूर्यपुत्र७१ | सोमवार, दुपारी ४:००

एवढी नावं आली आणि कर्ण नाही?? 'मृत्युंजय' वाचून ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तो मराठी माणूस नाही. दाता, मित्रासाठी प्राण देणारा, जन्मभर अपमान सोसलेला. याहून मोठं पात्र कुठलं?

चष्मिश | सोमवार, दुपारी ४:२५

सूर्यपुत्र, नववीत असताना मीही रडले होते. उशीखाली ठेवून झोपायचे.

मग अकरावीत मावशीने इरावती कर्व्यांचं 'युगांत' हातात दिलं, महाभारतातल्या माणसांवरचं. इरावतीबाई आणि शिवाजी सावंत, दोघांची पुस्तकं एकाच साली आली, १९६७ मध्ये. एकाच घरात दोन्ही असतील तर जेवणाच्या टेबलावर काय होत असेल कल्पना करा. बाई कुणालाच सोडत नाहीत. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल व्यासांचा कर्ण काय बोलतो ते मूळातून वाचा. ते वाक्य मी इथे टंकणार नाही.

झालं असं की नंतर मला कर्ण जास्त कळला. आवडला कमी. तेजस्वी, दुखावलेला, आणि दुखावलाय म्हणून दुसऱ्याला दुखवायचा परवाना मिळाल्यासारखा वागणारा. असे दोन जण आमच्या ऑफिसात आहेत. त्यातला एक फार दिलदार आहे, वाढदिवसाला सगळ्यांना बासुंदी देतो, आणि नव्या मुलींना मीटिंगमध्ये रडवतो.

सूर्यपुत्र७१ | सोमवार, दुपारी ४:३१

बासुंदी आणि कवचकुंडलं यात फरक आहे ताई.

चष्मिश | सोमवार, दुपारी ४:३३

फरक आहे दादा. कवचकुंडलं एकदाच दिली, बासुंदी दरवर्षी असते. :)

रिकामटेकडा_रामभाऊ | सोमवार, दुपारी ४:४०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सरकून बसा.

मेपलवरची_मैना | मंगळवार, पहाटे ५:१५

इथे टोरांटोत अजून सोमवारची संध्याकाळ आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मराठी बोलतो पण वाचताना जोडाक्षरापाशी गाडी अडते. यंदा सुट्टीत सासऱ्यांच्या माळ्यावरून फास्टर फेणे घेऊन आले, पानं पिवळी, वास तोच.

सुरुवात वाईट झाली. फुरसुंगी कुठे, विद्याभवन म्हणजे काय, सायकलवरून एकटं एवढ्या लांब जाऊ कसं देतात, पोलिसांना फोन का नाही केला? प्रत्येक पानाला एक प्रश्न. मी वैतागून बंद करणार होते. मग ते 'टॉक्' आलं. त्याने विचारलं, हा आवाज कसा काढतात? मी काढून दाखवला. त्याला जमेना. दोन दिवस घरभर जीभ टाळूला लावून हिंडत होता. तिसऱ्या दिवशी जमला, आणि त्यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही, नुसतं "पुढे वाच".

इतक्या वर्षांनी वाचताना मला एक नवीनच दिसलं. लहानपणी वाटायचं फाफे शूर आहे. तो काटकुळा पोरगा आहे हो, अंगात ताकद नाही. त्याला राहवतच नाही, म्हणून जातो. कुठे काही बिनसलंय असं दिसलं की पाय वळतातच. भा. रा. भागवतांनी त्याच्या तोंडी उपदेश घातला असता तर माझ्या पोराने पुस्तक कधीच टाकलं असतं. त्याला फाफेसारखं व्हायचं नाहीये, त्याला फाफेबरोबर जायचंय. डबलसीट.

डबर-खडी | मंगळवार, रात्री ११:५०

मी इथे सहसा वाचतोच. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. नोकरी रस्त्यांची.

तुम्ही सगळे विचारताय कुणाच्या घरी जाल. मी एक नाव सांगतो ज्याच्याकडे मी जाणार नाही.

'रारंगढांग'मधला विश्वनाथ. प्रभाकर पेंढारकरांची कादंबरी, १९८१ ची. मुंबईची नोकरी सोडून हा तरुण इंजिनिअर सीमेवरचे रस्ते बांधायला हिमालयात जातो. खाली सतलज, बाजूला सरळ तुटलेला कडा, आणि त्या कड्याच्या पोटातून रस्ता न्यायचा. वरिष्ठांचा हुकूम एक सांगतो, त्याची अक्कल दुसरं. तो अकलेने वागतो आणि कोर्ट मार्शलपुढे उभा राहतो. आमच्या खात्यात हे पुस्तक हातोहात फिरायचं. सगळ्यांना तो आवडायचा. प्रत्येकाला वाटायचं आपण विश्वनाथ.

१९८६ साली एका घाटाखालच्या रस्त्यावर मी होतो. नवीन होतो. सोलिंगचा, म्हणजे रस्त्याच्या बुडाशी घालायच्या दगडांचा, थर नऊ इंचाचा होता कागदावर. मी एका जागी पहारीने उकरून बघितलं. सहा भरला. दुसऱ्या जागी बघितलं, साडेपाच. तिसऱ्या जागी बघितलंच नाही. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, पाऊस तोंडावर आलाय, बिल अडकवू नका, लोकांची सोय बघा. एमबी पुढे सरकवली. एमबी म्हणजे मोजमापाचं पुस्तक, त्यात आम्ही मोजून लिहायचं आणि सही करायची, मग ठेकेदाराचं बिल निघतं. मी नऊ लिहिलं. सही केली. कुणी धमकी दिली नाही, पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, तो साहेबांनी मागवला होता.

दुसऱ्या पावसाळ्यात तो तुकडा खचला. रात्रीची वेळ होती, वाहन कुठलं नव्हतं. कुणाला काही झालं नाही. हे माझं कर्तृत्व नाही.

'रारंगढांग' मी त्यानंतर वाचलं. चौकशी सुरू होते तिथपर्यंत आलो आणि मिटून मीटरच्या पेटीवर ठेवलं. बायको झाडताना दर वेळी उचलून झाडायची आणि परत ठेवायची. दोन-तीन महिने तिथेच होतं.

शेवटी वाचलं. पण तेव्हापासून विश्वनाथबद्दल कुणी "काय पात्र आहे!" म्हणालं की मी विषय बदलतो. मला तो भेटला तर तो काही बोलणार नाही, सभ्य माणूस आहे. पण रस्ता बघायला चला म्हणेल. आणि मी कुठे उकरून बघायचं ते त्याला बरोबर कळेल.

तिसरी_घंटा | बुधवार, सकाळी ६:५५

डबर-खडी काका, नमस्कार. एवढंच.

सूर्यपुत्र७१ | बुधवार, सकाळी ९:२०

काका, पुढे कधी पुन्हा अशी वेळ आली का?

डबर-खडी | बुधवार, दुपारी २:१०

आली की. नोकरीच ती. दोनदा सही केली नाही, त्यातल्या एकदा बदली झाली, मुलीचं शाळेचं वर्ष मध्येच तुटलं. एकदा पुन्हा केली. त्याचं आता राहू दे.

देवघेव | बुधवार, दुपारी ३:३०

काका, माझ्या वहीत तिसरा खण पाडावा लागला. त्याला नाव काय द्यायचं ते कळत नाही, सध्या नुसतं 'विश्वनाथ' लिहून ठेवलंय.

आटपाडीकर | बुधवार, रात्री ८:१५

नमस्कार मंडळी. आमच्याकडचं पुस्तक कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. 'बनगरवाडी', १९५५. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळं आमच्यापासनं जवळच.

सगळे त्यातल्या मास्तरचं बोलतात, नाहीतर कारभाऱ्याचं. मास्तर चांगलाच आहे. कोवळं पोर, धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतं आणि शाळेत पोरंच नसतात, कारण ती मेंढरांमागं. पण मी एका बाईचं सांगतो. शेकूची बायको.

शेकूकडं एकच बैल. पाऊस पडून गेलेला, वापसा झालेला, रान हातचं जायची वेळ. शेकू मास्तरकडं येतो, कुठनं एक बैल मिळवून द्या म्हणून. बैल काही मिळत नाही. मग मास्तर बघतो तर काय, जुवाच्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको. ओढतीय. मास्तर शहारतो, वाचणारा शहारतो, आणि ती बाई? तिला त्यात काही विशेष वाटत नाही. रान पेरायचंय, बैल नाही, मग ती आहे. झालं.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला दाखवलं. आईनं वाचलं आणि म्हणाली, "जू मानंवर घ्यायचं न्हाई बाईमाणसानं, छातीनं रेटायचं." मी म्हटलं तुला काय ठाऊक? ती भाकरी उलटायला लागली.

पुढं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडची बैलं गेली होती एवढं मला ठाऊक आहे.

कादंबरीत त्या बाईच्या वाट्याला पानं येतात मोजकीच. पण बनगरवाडी म्हटलं की मला पहिलं तेच रान दिसतं. पुढं दुष्काळात वाडी ओस पडते, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, मास्तरही जातो. ती कुठं गेली असेल, असं माझ्या डोक्यात येतं. मास्तरबद्दल असं येत नाही. त्याची बदली झाली, त्याचं बरं चाललं असणार.

मेपलवरची_मैना | गुरुवार, पहाटे ४:४०

"ती भाकरी उलटायला लागली." आटपाडीकर, तुम्ही लिहीत का नाही?

आटपाडीकर | गुरुवार, सकाळी ७:००

आत्ता लिहिलं की.

चष्मिश | गुरुवार, दुपारी १२:३०

विचार करून आले. माझं नाव फिरून पुन्हा पहिल्याच पुस्तकातलं: श्यामची आई. हसू नका.

देवघेवदादांच्या त्या मुलीचं वाक्य चार दिवस डोक्यात होतं, म्हणून काल पुन्हा उघडलं. आपण सगळे "पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसं मनाला" एवढंच धरून बसतो, कारण ते भिंतीवर लिहिता येतं. पोहण्याची रात्र (त्यात प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय) वाचा. श्याम विहिरीत उतरायला घाबरतो, माळ्यावर लपून बसतो. आणि ही बाई, जिला आपण मायेचा सागर वगैरे म्हणतो, शिंपटी घेऊन त्याला फोडून काढते. लोक भित्रा म्हणतील हे तिला सहन होत नाही. पोरगा पोहून परत येतो तेव्हा अंगावर वळ. मग ती त्याच्यासाठी ठेवलेलं दही त्याला खायला सांगते.

मला त्या दह्याचं फार वाटलं. मारायच्या आधी काढून ठेवलं असेल की नंतर? आधी ठेवलं असेल तर मारतानाच तिला माहीत होतं. नंतर असेल तर तिला मारल्याचं लागलं होतं. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाचेक दिवसांत लिहून काढलं म्हणतात. इतक्या भराभर लिहिताना त्यांनी ते दही गाळलं नाही.

तिने मारायला नको होतं, असं मला आई म्हणून वाटतं. पण तिच्याकडे जायला मला आता भीती नाही वाटत. चुकते ती. रागावते, अब्रूला जपते, मग दही काढते.

वऱ्हाडीठेचा | गुरुवार, दुपारी १२:५५

म्हणजे तेही वळीतलीच निंगाली!

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी १:१०

मारण्याचं समर्थन नको एवढं नमूद करते. बाकी दही पटलं.

रिकामटेकडा_रामभाऊ | गुरुवार, दुपारी १:१५

चार दिवस टवाळी केली. आता कपाटातून 'बनगरवाडी' काढून बसलोय. जबाबदार कोण?

देवघेव | शनिवार, संध्याकाळी ६:४५

दोन दिवस खिडकीवर गर्दी होती, सुट्ट्या लागल्यात.

आज ती मुलगी पुन्हा आली. कपाटापाशी न जाता सरळ माझ्याकडे आली आणि विचारलं, "काका, ज्यात कुणी चुकतं असं पुस्तक आहे का?" मी पोहण्याचं प्रकरण आणि दह्याचं तिला सांगितलं, चष्मिशताईंचं नाव न घेता. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "ते आम्हाला प्रश्नात नव्हतं." म्हणजे प्रकल्पात 'आईचे पाच गुण लिहा' असं असणार.

मी तिला 'बनगरवाडी' दिलं. आटपाडीकर, तुमच्या भरवशावर. आमची प्रत जुनी आहे, पाठ निघालीय, काल रात्रीच डिंक लावून विटेखाली ठेवली होती.

बरोबर तिची आई होती. इतकी वर्षं मुलीला सोडायला यायची आणि पायरीवरच उभी राहायची. आज आत आली, अनामत किती विचारलं, आणि स्वतःचं कार्ड केलं. काय देऊ म्हटलं तर म्हणाल्या, मला वाचायची सवय नाही, तुम्हीच द्या, पण रडकं नको. मी 'धग' दिलं. देताना हात जरा अडखळला, कारण 'रडकं नको' म्हणाल्या होत्या. पण वऱ्हाडीठेच्याची आजी आठवली.

मुदत पंधरा दिवस आहे. परत करताना काय म्हणतात ते इथेच लिहीन.